कोरडे केस आणि घरचे तेल

आपल्या संस्थेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, देणगीदारांची नामावली आणि शिष्यवृत्त्यांचा अहवाल ही असावयाचीच. परंतु अंक घरी नेल्यावर तो थेट कपाटात न जाता चार दिवस माजघरात फिरावा, यासाठी घरोपयोगी असे एक-दोन लेख असावेत, असे संपादक मंडळाने ठरविले आणि केसांच्या निगेचा विषय आमच्या वाट्यास आला. विषय किरकोळ वाटेल. पण हळदीकुंकवास जमलेल्या बायकांत "केस किती गेले गं तुझे!" हे वाक्य जिला ऐकावे लागते, त्या मुलीस तो किरकोळ वाटत नाही. शिवाय या बाबतीत आमच्या स्वतःच्या घरी एक चूक घडली. ती पुढे सांगणारच आहोत. तशी दुसऱ्या घरी घडू नये, हाही हा लेख लिहिण्यामागील एक हेतू आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज होळकरांच्या राजवटीत या ना त्या निमित्ताने माळव्यात आले. कोकणातून आलेल्या घरांत खोबरेलाची सवय होती, देशावरून आलेल्या घरांत तिळाच्या तेलाची. इंदुरात आल्यावर सरसोंच्या आणि जवसाच्या तेलाशीही ओळख झाली. आता तर दुकानात बाटल्यांची रांगच असते आणि प्रत्येक बाटली केस लांब, दाट व काळेभोर करण्याचे वचन देते. अशा वेळी तेल खरोखर काय करते आणि काय करू शकत नाही, हे नीट समजून घेतले तर पैसाही वाचेल आणि केसही.

केस म्हणजे काय?

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. केसाचे मूळ त्वचेत असते व तेवढाच भाग जिवंत असतो. त्वचेबाहेर आलेला केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा होय. त्याच्या बाहेरच्या अंगास कौलारू छपरासारखे एकावर एक बसलेले अतिशय पातळ खवले असतात. आतील गाभ्यात प्रथिनांचे तंतू असतात व केसाची सारी ताकद त्या गाभ्यात असते. खवले घट्ट मिटलेले असले म्हणजे केस मऊ लागतो व चकाकतो. ते उचकटले किंवा झडले की केस राठ होतो, फणीत अडकतो आणि अखेर त्याला फाटे फुटतात.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत पोहोचलेल्या साठ सेंटिमीटरच्या वेणीचे टोक हे सुमारे पाच वर्षांचे जुने असते. पाच उन्हाळे, पाच रंगपंचम्या आणि शेकडो न्हाणी त्याने सोसलेली असतात. मुळाशी केस सुरेख आणि टोकाशी केरसुणीसारखा असे दिसते, ते यामुळेच. हा धागा निर्जीव असल्याने अंगावरच्या जखमेप्रमाणे तो आपला आपण भरून येत नाही. एकदा फुटलेला फाटा कोणत्याही तेलाने सांधला जात नाही. तो कापूनच टाकावा लागतो. उरलेला केस सांभाळणे एवढेच आपल्या हाती असते, आणि तेलाचे खरे काम तेथूनच सुरू होते.

केस कोरडे का पडतात?

टाळूतील ग्रंथी थोडी चरबी सोडत असतात व ती केसावरून खाली उतरते. आखूड केसास ती पुरते, लांब केसाच्या टोकापर्यंत ती पोहोचत नाही. कुरळ्या केसांत तर तिची वाट अधिकच वाकडी होते. म्हणून लांब व कुरळे केस उपजतच कोरडे असतात. त्यात पुढील कारणांची भर पडते.

पहिले कारण पाणी. हे वाचून नवल वाटेल, परंतु ओला केस कोरड्या केसापेक्षा अशक्त असतो. पाणी शोषून तो जाडीने सुमारे एक सप्तमांश फुगतो आणि वाळला की पुन्हा आकसतो. या फुगण्या-आकसण्यात खवले उचकटतात आणि गाभ्यातील प्रथिने थोडी थोडी बाहेर जातात. रोज डोक्यावरून न्हाणाऱ्यांचे केस राठ होतात, त्याचे हे एक कारण आहे. त्यातून ओल्या केसांतून जोराने फणी ओढली तर केस तुटतो.

दुसरे कारण पाण्याचा जडपणा. इंदुरात १९७८ साली नर्मदेचे पाणी आले. तरीही पुष्कळ वसाहतींत आजही बोअरिंगच्या पाण्यावर भागवावे लागते. अशा जड पाण्यातील चुना आणि अंगाचा साबण यांचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेस जी पांढुरकी राप बसते, तीच केसांवरही बसते. शिवाय साबण क्षारधर्मी असल्याने खवले उघडतो. केसांना अंगाचा साबण लावू नये, हे वडीलधाऱ्या मंडळींचे सांगणे योग्यच होते. शिकेकाई व रिठा यांचा फेस निसर्गतः येतो, पण त्यापासून असा साका होत नाही.

तिसरे कारण माणसाने मुद्दाम केलेली इजा. केसांचा मूळ रंग उडविण्यासाठी वापरली जाणारी द्रव्ये, केस कायमचे सरळ करणारी रसायने आणि दोनशे अंशांच्या आसपास तापणारी केस सरळ करण्याची इस्तरी ही त्यांपैकी मुख्य होत. केसाच्या पृष्ठभागावर जन्मतः चरबीचा एक अतिसूक्ष्म थर चिकटलेला असतो व त्यामुळे पाणी केसात सहज शिरत नाही. रंग उडविताना हा थर निघून जातो. मग असा केस पाण्याने पटकन फुगतो, लवकर गुंततो व लवकर तुटतो.

तेलाचे खरे काम

तेल मुळांना "पोसते" असे आपण सर्रास म्हणतो. परंतु केसाच्या मुळाचे पोषण रक्तातून होते, बाहेरून चोपडलेल्या तेलातून नव्हे. तेल लावल्याने नवे केस उगवतात, याला भक्कम पुरावा नाही. चोळण्याने बरे वाटते, डोके हलके होते, झोप लागते. हे सुख खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण टक्कल पडलेल्या जागी चोळून केस येतील, अशी आशा त्यावर ठेवू नये.

तेलाचा उपयोग दुसराच आहे व तो निश्चित आहे. तेलाच्या थरामुळे पाणी केसात कमी शिरते, त्यामुळे फुगणे-आकसणे कमी होते. एक केस दुसऱ्यावरून सहज सरकतो, त्यामुळे विंचरताना होणारे घर्षण कमी होते. उचकटलेले खवले खाली बसतात व केस चकाकतो. थोडक्यात, तेल हे केसाचे अन्न नसून केसाची छत्री आहे. आणि छत्री पावसाआधी उघडावयाची असते. तेल न्हाण्यापूर्वी लावण्याची आपली चाल अशी शास्त्राला धरूनच आहे. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानातही आधी तेल व मग पाणी हाच क्रम आपण पाळतो.

या बाबतीत मुंबईत झालेले एक संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल ही तीन तेले केसांना लावून, धुण्याविंचरण्यात केसांतील प्रथिने किती जातात हे मोजण्यात आले. केस धड असोत की इजा झालेले, ती झीज खोबरेलाने स्पष्टपणे कमी केली. इतर दोन्ही तेलांस ते साधले नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील होते, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. मात्र निष्कर्षामागील कारण पटण्याजोगे आहे. खोबरेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याचा रेणू लहान व सरळ असल्यामुळे तो खवल्यांच्या फटींतून गाभ्यापर्यंत शिरू शकतो. खनिज तेल वरच्या वर राहते.

कोणते तेल घ्यावे?

खोबरेल : कोरड्या व इजा झालेल्या केसांसाठी पहिली पसंती याला द्यावी. चोवीस अंशांच्या खाली ते थिजते. पौष-माघात इंदुरात बाटली पालथी केली तरी थेंब पडत नाही, त्यात तेलाचा काही दोष नाही. बाटली कोमट पाण्यात उभी ठेवावी किंवा सकाळच्या उन्हात ठेवावी. चुलीवर तापवू नये.

तिळाचे तेल : यालाच आपण येथे तिल्लीचे तेल म्हणतो. ते थंडीत थिजत नाही आणि त्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे लवकर खवटही होत नाही. आयुर्वेदातील बहुसंख्य सिद्ध तेले तिळाच्याच तेलात करतात. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' ग्रंथात दिनचर्येत नित्य अभ्यंग सांगितला असून डोके, कान व तळपाय यांना तेल विशेषेकरून लावण्यास सांगितले आहे. माळव्याच्या हिवाळ्यात हे तेल सोयीचे पडते.

बदामाचे तेल : हलके असल्याने न्हाल्यानंतर टोकांना लावण्यास चांगले, पण महाग. 'बदाम तेल' अशी मोठी अक्षरे आणि खाली बारीक अक्षरांत लिक्विड पॅराफिन, असेही पुष्कळदा आढळते. म्हणून घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊ नये. लिक्विड पॅराफिन म्हणजे खनिज तेल. ते विषारी नव्हे, केसांना चकाकीही आणते, पण बदामाच्या भावाने ते का घ्यावे?

एरंडेल : फार दाट व चिकट. त्याने केस व भुवया उगवतात अशी समजूत हल्ली फार पसरली आहे, तिला ठोस आधार नाही. नुसते एरंडेल लांब केसांना कधीही लावू नये. २०१७ साली केसांच्या विकारांविषयीच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणीची हकिकत आली होती. खोबरेल व एरंडेल लावून तिने केस धुतले आणि ते एकाएकी पक्ष्याच्या घरट्यासारखे असे घट्ट गुंतले की कापून टाकावे लागले. हवेच असेल तर चार-पाच चमचे दुसऱ्या तेलात अर्धा चमचा, याहून अधिक घेऊ नये.

सरसोंचे तेल : त्यातील झणझणीत द्रव्याने टाळूची आग होऊ शकते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सोसते त्यांनी लावावे. नाजूक कातडीच्या व्यक्तींनी आणि लहान मुलांसाठी ते टाळावे.

जवसाचे तेल : हवेत ते सुकते व चिकट होते, म्हणून तर चित्रकारांच्या तैलरंगांत ते वापरतात. खाण्यास जवस उत्तम, पण केसांना हे तेल लावू नये.

लावण्याची रीत

पुष्कळ तेल म्हणजे पुष्कळ गुण, हा समज सोडावा. जास्त तेल काढण्यास जास्त शांपू लागतो आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जाते. कमरेपर्यंतच्या केसांस पोहे खाण्याचा एक चमचा तेल पुरते.

प्रथम केस कोरडे असतानाच बोटांनी व नंतर मोठ्या दातांच्या फणीने गुंता काढावा. टोकांपासून आरंभ करून वर जावे. मुळापासून खाली ओढू नये. मग तेल तळहातांवर पसरून घ्यावे व केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावावे. टोकांना सर्वांत जास्त आणि टाळूला सर्वांत कमी, असे प्रमाण ठेवावे. आपण नेमके उलट करतो. टाळूवर वाटीभर तेल थापतो आणि टोके तशीच राहतात. चोळताना नखे लावू नयेत, व केस तळहातांत धरून रगडू नयेत. नंतर सैल वेणी घालावी. तासभर तरी तेल राहू द्यावे. कोरड्या केसांच्या व्यक्तींनी रात्री लावून सकाळी न्हाले तरी चालेल. उशीवर जुने सुती वस्त्र घालावे.

न्हाताना शांपू किंवा शिकेकाई टाळूला लावावी. खाली वाहणाऱ्या फेसाने केस आपोआप स्वच्छ होतात. पाणी कोमट असावे. पंचाने केस झटकू नयेत, दाबून टिपावेत. किंचित ओलसर असताना दोन-तीन थेंब तेल तळहातावर घेऊन टोकांवरून फिरवावे. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा एवढे केले तर दोन-तीन महिन्यांत गुंता कमी झाल्याचे व फणीत तुटके केस कमी येत असल्याचे दिसू लागते. तेल लावलेल्या केसांवर तापलेली इस्तरी मात्र कधीही फिरवू नये.

रंगपंचमीच्या गेरीला जाणाऱ्या मुलामुलींनी आदल्या रात्री टोकांपर्यंत तेल लावून घ्यावे. कोरड्या, राठ केसांत रंग लवकर धरतो. तेलाच्या हातामुळे तो सहज सुटून येतो.

एक सावधगिरी हवी. डोक्यात कोंडा असेल तर टाळूला तेल थापून रात्रभर ठेवू नये. कोंड्यास कारण होणारी सूक्ष्म बुरशी चरबीवरच पोसली जाते. "डोके कोरडे पडले म्हणून कोंडा झाला, तेल घाल" हा घरगुती सल्ला येथे उलटा पडतो. अशा वेळी तेल फक्त केसांच्या लांबीस लावावे व कोंड्यासाठी डॉक्टरांचे औषध घ्यावे.

माक्याचे तेल

वडील पिढीतील भगिनी माक्याच्या तेलाची कृती विचारतात, म्हणून ती देत आहोत. सिद्ध तेलाचे शास्त्रोक्त सर्वसाधारण प्रमाण असे : वाटलेला कल्क एक भाग, तेल चार भाग व रस किंवा काढा सोळा भाग. म्हणजे १०० ग्रॅम माक्याचा वाटलेला पाला, ४०० ग्रॅम तिळाचे तेल किंवा खोबरेल आणि १,६०० ग्रॅम माक्याचा रस. रस कमी निघाल्यास आवळ्याचा रस घालून भर करतात. जाड बुडाच्या रुंद पातेल्यात सर्व एकत्र करून अगदी मंद आचेवर आटवावे व अधूनमधून ढवळावे. ही घाईची कृती नव्हे. आच मोठी केली की कल्क करपतो व तेलास जळका वास येतो.

तेल झाले हे ओळखण्याच्या खुणा तीन. कल्क बोटांत वळला असता त्याची वात होते. ती वात विस्तवावर धरली तर चरचरत नाही. आणि तेलावर फेस येतो. (तुपाचे याच्या उलट असते. ते सिद्ध होताना फेस निवतो.) चरचर आवाज आला तर पाणी शिल्लक आहे असे समजावे. पाणी राहिले तर तेलास बुरशी येते. कोमट असतानाच स्वच्छ फडक्यातून गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे.

माक्याने केस वाढतात हे माणसांवरील प्रयोगांनी ठामपणे सिद्ध झालेले नाही. मूळ तेलाचे गुण त्यात असतातच. आणि घरभर तो वास दरवळला की आजीची आठवण येते, एवढे मात्र आम्ही खात्रीने सांगतो.

तेलाच्या हाताबाहेरची दुखणी

आता आमच्या घरची हकिकत. आमच्या घरातील एक मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी राहत होती. सुटीत आली तेव्हा तिची वेणी बोटाएवढी झालेली. "तेल लावत नाहीस, बाहेरचे पाणी बाधले" असे आम्ही सर्वांनी एकमुखाने ठरविले. खोबरेल झाले, माका झाला, कोणी सुचविलेले कांद्याचे तेल झाले. एक संपली की दुसरी बाटली, असे आठ महिने गेले. मुलगी जिना चढताना थांबते, दुपारी झोपून राहते, हे आम्ही पाहत होतो, पण अभ्यासाचा ताण म्हणून सोडून देत होतो. शेवटी दुसऱ्याच कारणाने डॉक्टरांकडे नेले असता त्यांनी पापण्या खाली ओढून पाहिल्या व रक्त तपासावयास सांगितले. हिमोग्लोबिन ७.८ निघाले. ते बारा तरी असावयास हवे होते. मासिक पाळीत तिला फार रक्तस्राव होत असे, आणि ते तिने कोणासही सांगितले नव्हते. आम्हीही कधी विचारले नव्हते. रोज तिच्या डोक्याला तेल लावणाऱ्या हातांनी तिचा चेहरा पांढरा पडलेला पाहिला नाही, याची खंत आम्हांस आजही आहे.

लोहाच्या गोळ्या व आहार यांनी ती सावरली. केस सावरण्यास त्याहून अधिक काळ लागला.

ही एका घराची गोष्ट नव्हे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरांत ५७ जणी रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. १५ ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण शंभरांत ५९ होते. तेव्हा केस कोरडे होणे व तुटणे एक, आणि केस मुळापासून गळणे दुसरे, हा भेद प्रत्येक घरी माहीत असला पाहिजे. पडलेला केस उचलून पाहावा. तो आखूड तुटका असेल तर इजा धाग्याला झाली आहे आणि तेल उपयोगी पडेल. तो पूर्ण लांबीचा असून एका टोकास पांढरा ठिपका दिसत असेल, तर तो मुळापासून आला आहे. असे पन्नास ते शंभर केस रोज गळणे स्वाभाविक आहे. त्याहून बरेच अधिक, आठवड्यांमागून आठवडे गळू लागले तर तेल बदलत न बसता डॉक्टरांस दाखवावे.

बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळू लागतात. २०२०–२१ च्या कोरोनाच्या साथीनंतर हे पुष्कळांनी अनुभवले. हे केस बहुधा आपोआप परत येतात, घाबरू नये. याशिवाय थायरॉइडचे विकार, चाई पडणे, टाळूवर फोड किंवा खपल्या येणे, यांवर तेल हा इलाज नाही. घट्ट ओढून बांधलेल्या वेण्यांनी कपाळावरील केस मागे सरकत असतील तर वेणी सैल करणे हाच उपाय होय.

एवढे लिहूनही तेलाच्या वाटीविषयी आमची माया कमी झालेली नाही. शनिवारी रात्री मुलीला समोर बसवून आई तिच्या डोक्याला तेल लावते, तेव्हा अर्धा तास दोघींस उठता येत नाही. तेवढ्या वेळात मुलीच्या मनातील पुष्कळ गोष्टी विचारता येतात व ऐकता येतात. आमच्या घरी आता तेल तेच, खोबरेल, पण विचारपूस वाढली आहे. संस्थेच्या सर्व कुटुंबांनी ही वाटी राखावी, आणि तेल लावता लावता आपल्या लेकीसुनांचा चेहराही उजेडात नीट पाहावा, अशी या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने आमची सर्वांस विनंती आहे.